सासूच्या मनगटावरचा पट्टा

लंकाबाईची जीभ म्हणजे नुकतं पाजवलेलं खुरपं. तण तर काढीच, पण हात चुकला तर पीकही जाई. वस्तीवरच्या बायका तिला पाठीमागं काय म्हणत ते तिला ठाऊक होतं आणि त्याची तिला फिकीर नव्हती. घरात भाकरी किती थापायच्या ते तिनं ठरवावं, लेकाला पोरगी कुठली करायची ते तिनं ठरवावं, आणि कुणी "कसं काय चाललंय?" म्हणून विचारलं तर "बेस चाललंय" हे उत्तरही तिनंच द्यावं. घरातलं दुखणं उंबऱ्याच्या आत राहिलं पाहिजे, ही तिची रीत. नवरा काकासाहेब फारसा बोलत नसे. बोलायला जागाच मिळत नसे म्हणा.

असल्या घरात नगरच्या संस्थेची पंकजा स्कूटीवरून आली तेव्हा सून सत्यशीला तीन महिन्यांची बाळंतीण होती. पाथर्डीच्या त्या माळावरच्या वस्त्यांमधून पंकजा नव्या बाळंतिणींची नावं लिहून घेत हिंडत होती. पिशवीतून तिनं एक काळा रबरी पट्टा काढला. घड्याळासारखा, पण त्यात वेळ नाही.

"मावशी, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांची झोप उडते, मन खचतं, आणि घरात कुणाच्या ध्यानात येत नाही," पंकजा म्हणाली. "हा पट्टा दिवसरात्र हातात ठेवायचा. झोप किती लागली ते सुनेच्या फोनला कळतं आणि फोनवरून आमच्या ऑफिसात. रात्र नीट गेली तर हिरवी खूण. ओळीनं चार रात्री बिघडल्या की लाल. लाल झाली की मी येणार. यंत्रावरून असं वेळेआधी कळतं का, तेच आमचं संशोधन आहे."

"झोप मोजाया यंत्र कशाला लागतंय? डोळं बघावं मानसाचं," लंकाबाई म्हणाली. "तुजंच बघ की. काल रातच्याला मोबाईल बघत बसल्तीस."

"बसले होते. पण माझ्या डोळ्यांकडं बघायला घरी तुमच्यासारखं कुणी नाही."

हे उत्तर लंकाबाईला आवडलं. तिनं सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "घे बांधून. काय खातं का ते."

दिवाळीनंतर लेक आदिनाथ टोळीबरोबर कोपरगावकडं ऊस तोडायला गेला. एरवी नवराबायको मिळून एक कोयता धरतात, पण तान्ही पोर होती म्हणून यंदा सत्यशीला घरी राहिली आणि आदिनाथनं चुलतभावाबरोबर जोडी केली. तो गेला आणि पंधरा दिवसांत सुनेचं काहीतरी बिनसलं. चुलीपुढं बसली की बसूनच राही. पोर रडली की तिच्याकडं अशी बघे, जणू शेजाऱ्याची आहे. लंकाबाईनं दोनदा टोमणा मारला, एकदा मायेनंही विचारलं. सून म्हणाली, "काई न्हाई, आत्याबाई."

आणि एके सकाळी फोनवर लाल खूण आली. दुपारी पंकजा दारात. सुनेला घेऊन तासभर लिंबाखाली बसली, दुसऱ्या दिवशी पाथर्डीला डॉक्टरीणबाईकडं नेलं, गोळ्या आणल्या, दर आठवड्याला येत राहिली. महिन्याभरात सत्यशीला पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालताना हसायला लागली. लंकाबाईनं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. वस्तीवर कुणी विचारलं तर तिनं सांगितलं, "पट्ट्यात बिघाड हुता, तो बघाया आल्ती."

तिला त्या यंत्रात हेच आवडलं होतं. ते आपण होऊन हाक मारतं. आपल्याला कुणाच्या दारात जाऊन "माझ्या सुनेचं डोकं ठिकाणावर न्हाई" असं म्हणावं लागत नाही.

पौषात कोपरगावकडं उसाची ट्रॉली उलटली आणि आदिनाथ तिच्याखाली गेला.

संध्याकाळी त्याला घेऊन गाडी वस्तीवर आली. अंगण भरून माणसं उभी होती. लंकाबाईची थोरली जाऊ चांगुणा, स्वतः वीस वर्षांपासून रांडमुंड, सत्यशीलेजवळ बसली. बांगड्या फोडल्या, जोडवी काढली, मणी तोडला. मग तिचा हात त्या काळ्या पट्ट्यावर थांबला.

"ह्ये काय आनि?"

"औषधाचं हाय ते. ऱ्हाऊ द्या, जाऊबाई," लंकाबाई म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"औषधाचं असंल न्हाईतर देवाचं. हात मोकळा पायजे. नवऱ्याला अग्नी द्यायचाय आनि बाई घड्याळ घालून बसली, आसं म्हनत्याल लोक."

लंकाबाईनं एक शब्द टाकला असता तर पट्टा राहिला असता. दोन गावं पलीकडं तर बायकांनी ठराव करून ही बांगड्या फोडायची चालच बंद केली होती, हे तिला माहीत होतं. पण चार गावच्या बायका बघत होत्या. लंकाबाईच्या सुनेला दुःखच नाही असं कुणी म्हणालं असतं तर ते तिला ऐकवलं नसतं. तिनं स्वतः पुढं होऊन पट्ट्याची खीळ काढली. सत्यशीलेच्या मनगटावर, पट्टा होता तिथं, उजळ कातडीचं एक कडं राहिलं होतं. त्याच्यावर चांगुणाचा हात येऊन पडला आणि बायकांचं रडणं सुरू झालं.

सत्यशीला रडली नाही. तिला कोपऱ्यात बसवलं. भिंतीकडं तोंड, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, तेरा दिवस कुणी हाताला धरून नेलं तरच उठायचं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर लंकाबाईला चोळीत खोचलेला पट्टा टोचला. पंकजानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पट्टा आठ दिवस बंद राहिला की नाव आपोआप कटतं. नाव कटलं की तिचं येणं बंद, गोळ्या बंद. लंकाबाई चुलीपुढं बसून विचार करू लागली. सुनेच्या हातात तो परत घालता येत नव्हता, बायका रोज भेटायला येत होत्या. तिच्या स्वतःच्या हातात मात्र बांगड्या होत्या. नवरा जिता होता. हिरव्या काचेच्या दोन बांगड्यांच्या मधे काळा पट्टा घातला तर कोण विचारणार?

आणि त्यात एक हिशेबही होता. पोटचा पोरगा गेला, आता आपल्याला कसली झोप? चार रात्रींत यंत्र लाल होणार. लाल झालं की पंकजा येणार, आणि आली की तिला कोपऱ्यापुढं नेऊन बसवायचं. न सांगता, न मागता. घराची अब्रूही राहील आणि सूनही.

तिनं पट्टा बांधला.

पण देहाला अब्रू नसते. तेराव्यापर्यंत आल्यागेल्यांचं करतानाही ती रात्री मेल्यासारखी झोपे, आणि आदिनाथ गेला म्हणून रानातला कांदाही थांबत नव्हता. तेराव्यानंतर लंकाबाई उजाडताच रानात जाई, दिवसभर वाकून कांदा उपटी, पात कापी, परत येऊन पोरीला गाईचं दूध पाजी, सुनेपुढं ताट ठेवी, उचली, आणि सतरंजीवर पाठ टेकली की दगडासारखी झोपे. सकाळी पट्टा फोनजवळ नेला की खूण हिरवी.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी. आठव्या दिवशी तिनं फोन पालथा घातला. लेक जाऊन महिना झाला नाही आणि आई घोरत पडते, हे कुणाला सांगायचं? तिनं उपाय केले. भिंतीला टेकून बसली, दाताला मशेरी लावून बसली, स्वतःच्या दंडाला चिमटे काढले. बसल्या जागी मान कलंडे आणि कोंबडं आरवल्यावरच जाग येई. दंडावर काळेनिळे डाग आणि फोनवर हिरवी खूण.

काकासाहेबाचा डोळा मात्र लागत नव्हता. तो बाजेवर नुसता पडून असे. एका सकाळी बायको फोनकडं बघत बसलेली पाहून तो म्हणाला, "ते माज्या हातात बांध."

"काय?"

"पट्टा. मला झोप न्हाई. चार दिसात तुजं काम व्हईल."

लंकाबाईनं त्याच्याकडं बघितलं. म्हणजे याला सगळं कळत होतं. आपण घोरतो तेही. तिला मिरची झोंबली.

"बाळंतिनीचं यंत्र गड्याच्या हातात बांधा आनि हसू करून घ्या," ती म्हणाली. "तुमी पडा तिथंच."

तो पडला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

सत्यशीलेकडं बघायला यंत्र लागत नव्हतं. तिच्या डोळ्यांभोवती काजळी धरली होती. ताटातला घास मोडून ती त्याच्या बारीक बारीक गोळ्या करी आणि ताटातच मांडून ठेवी. दूध आटलं होतं. पाथर्डीच्या गोळ्यांची पट्टी उशाखाली तशीच होती, तेरवीच्या आधीपासून तिला हात लागला नव्हता. लंकाबाईनं एकदा गोळी हातावर ठेवली तर सुनेनं ती मुठीत धरली आणि संध्याकाळी मूठ उघडली तेव्हा ओला भुगा निघाला. एकदा ती भिंतीशी बोलली. लंकाबाई जवळ गेली तेव्हा म्हणत होती, "माजं बी आटपत आलंय आता."

"काय आटपत आलंय?"

"काई न्हाई, आत्याबाई."

त्या दिवसापासून लंकाबाईनं घरातली फवारणीची बाटली, दोर, विळा, सगळं गोठ्यात नेऊन कुलूप लावलं. किल्ली कमरेला. एवढं केलं, पण फोन केला नाही. फोन हातात, त्यात पंकजाचा नंबर, नावाच्या जागी तिचा फोटो, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही सापडावा. करायचा आणि म्हणायचं काय? पट्टा मी काढला. माझ्या हातात बांधला. आणि तो हिरवा हाय, कारण मी झोपते.

तेरवीला आठवडा झाला असेल, एके दिवशी पंकजाचाच फोन आला. लंकाबाई कांद्याच्या वाफ्यात उभी होती.

"मावशी, किती दिवस झाले, येणंच झालं नाही. शेवगावकडच्या दोन बायका आजारी आहेत, त्यांच्याकडं अडकलेय. आमची सत्यशीला मजेत ना? इथं तर सगळं हिरवं दिसतंय."

आता सांगावं. आदिनाथ गेला. एवढे दोनच शब्द होते. लंकाबाईनं तोंड उघडलं. गावभर बोलणारी बाई, पण लेकाच्या नावापुढं 'गेला' हा शब्द तिनं अजून एकदाही उच्चारला नव्हता. दुसऱ्यांनी म्हटला तो तिनं नुसता ऐकला होता.

"हिरवं दिसतंय ना?" ती शेवटी म्हणाली. "मग झालं की."

"तुम्ही लक्ष ठेवता म्हणून," पंकजा म्हणाली आणि फोन ठेवला.

लंकाबाई वाफ्यात बसली आणि रिकाम्या सरीतली माती कांदा असल्यासारखी उपसत राहिली.

सव्वा महिना भरला. कोपरा सोडवायला बायका जमल्या. सत्यशीलेचा भाऊ, श्रीमंत त्याचं नाव, माहेरचं लुगडं घेऊन आला. चांगुणानं सुनेला दोन्ही दंडांना धरून उठवलं तर ती उभी राहीना. पाय होते, पण ते आपले आहेत हे जणू ती विसरली होती. तिला भिंतीला टेकवून बसवलं. कुणीतरी म्हणालं, लेकरू द्या मांडीवर, लेकराकडं बघून बाई सावरती. पोर, राजनंदिनी, सात महिन्यांची. तिला आईच्या मांडीवर ठेवलं. सत्यशीलेचे हात दोन्ही बाजूंना तसेच पडून राहिले. पोर घसरली, जमिनीवर डोकं आपटलं आणि किंचाळली. आईनं मान वळवली नाही.

एका बाईनं पोरीला उचललं.

"बाहेरचं हाय ह्ये," चांगुणा म्हणाली. "आदिनाथ सोडत न्हाई तिला. देवरुश्याकडं न्या आजच्या आज. दोन दिस बांधून ठिवतो, पन उतरवतो."

श्रीमंत घाबरून उठला. "गाडी सांगू का, आत्याबाई?"

लंकाबाईनं पोरीला छातीशी घेतलं. पोरीच्या कपाळावर टेंगूळ येत होतं. तिला चांगुणाचं तोंड दिसलं, बायकांची तोंडं दिसली, उद्या वस्तीवर काय बोललं जाईल तेही दिसलं. मग तिनं पोर काकासाहेबाकडं दिली आणि मनगटावरचा पट्टा काढून सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"बाहेरचं काई न्हाई," ती म्हणाली. "ह्ये तिच्या हातातलं मी काढलं आनि माज्या हातात घातलं. तिला झोप न्हाई, ह्ये सांगनारं यंत्र हुतं. मला वाटलं माजी झोप उडंल, यंत्र बोलंल, बाई ईल. पन मी झोपती. आयका सगळ्याजनी. आदिनाथ गेला, आनि मी रोज झोपती."

चांगुणानं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की काय, ते कळलं नाही.

लंकाबाईनं फोन उचलला आणि फोटोवर बोट ठेवलं.

पंकजा अडीच तासांत आली, संस्थेची जीप घेऊन. तिनं सत्यशीलेकडं एकदा बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. लंकाबाईला ती काहीच बोलली नाही. लंकाबाईला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं. श्रीमंतनं बहिणीला उचलून जीपमध्ये ठेवलं. नगरला पोचेपर्यंत पंकजानं एकच विषय काढला, तोही बाहेर बघत.

"मावशी, नाव काढावं लागेल अभ्यासातून. इतक्या दिवसांची नोंद दुसऱ्याच माणसाची आहे."

"काढ. माजी झोप कागदावर ठिवून काय करतीस?"

"मी फोन केला तेव्हा तरी..." पंकजा म्हणाली. "मीही हिरवं बघून गप्प बसले."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सुनेच्या डोळ्यांत बॅटरी धरली, नाडी बघितली, कागद पुढं ओढला.

"झोप किती दिवस नाही?"

लंकाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अंदाजे सांगा. घरात सोबत कोण झोपायचं?"

"मीच."

"मग?"

"मला ठावं न्हाई, बाई. मी झोपलेली असायची."

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. मग सावकाश समजावलं. सलाईन लावू, सुई देऊ, पण औषध अंगात भिनायला दिवस लागतात. हे पहिले दिवसच अवघड. अंगात थोडी ताकद आली, की जिवाचं बरंवाईट करायची ताकदही येते. नर्स एक आहे आणि खाटा वीस. घरचं माणूस उशाशी पाहिजे, आणि ते जागं पाहिजे. क्षणभरही नजर हलता कामा नये.

श्रीमंतला बायकांच्या वॉर्डात राहता येत नव्हतं. पंकजाला शेवगावला जायचं होतं. सकाळी येते म्हणाली, लंकाबाईच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि गेली.

खिडकीतून ऊन उतरत होतं. सत्यशीलेच्या हाताला सलाईन लावलेलं, डोळे छताला. लंकाबाई स्टुलावर ताठ बसली. थोड्या वेळानं सुनेचे ओठ हलले. सव्वा महिन्यात तिनं आपण होऊन माणसाशी काढलेला हा पहिला शब्द होता.

"आत्याबाई, तुमाला लई गाढ झोप लागती."

लंकाबाईनं मान हलवली.

"मी रोज बघायची. भिताडाकडं तोंड करून किती बघनार? मंग तुमच्याकडं बघायची. तुमी घोरायच्या. मला वाटायचं, हिला काईच वाटलं न्हाई. ह्या घरात त्यो फकस्त माजाच हुता."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर लंकाबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आता तिच्यापाशी दंडावरचे डाग होते, ते दाखवता आले असते. तिनं पदर खाली ओढून दंड झाकला.

"व्हय," ती म्हणाली. "झोपायची मी."

सुनेनं डोळे मिटले नाहीत. लंकाबाई तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली आणि बघता बघताच तिला जाणवलं की आपल्या पापण्या जड होतायत. पहाटेपासूनची धावपळ, जीपचा प्रवास. मानेच्या मागून ती ओळखीची ऊब चढत होती. तिनं गाल चावला. रक्ताची चव आली आणि तरी ऊब चढतच होती.

शेजारच्या खाटेपाशी एक बाई फरशीवर बसली होती, राजूरकडची, बहिणीला घेऊन आलेली. मघापासून दोनदा तिनं बोलायचा प्रयत्न केला होता आणि लंकाबाईनं उत्तर दिलं नव्हतं. परक्याला घरातलं कशाला?

लंकाबाई स्टुलावरून उठली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमचं नाव काय म्हनलात?"

"मुक्ताबाई."

"मुक्ताबाई, ही माजी सून हाय. हिला जिवाचं भ्या न्हाई ऱ्हायलेलं. डॉक्टरनी म्हनलंय, नजर हलवायची न्हाई. आनि मला झोप लागती. मानूस मेलं तरी लागती, आसली माजी झोप हाय. मान कलंडली तर मला हलवा. न्हाई उठले तर मारा."

मुक्ताबाईनं तिच्याकडं बघितलं, मग पलीकडच्या खाटेवरच्या उघड्या डोळ्यांकडं. तिनं आपलं बोचकं उचललं आणि दोन खाटांच्या मधे आणून ठेवलं.

"बसा हितं. पाठीला पाठ नका लावू, माज्या म्होरं बसा, म्हंजी मला तुमचं तोंड दिसंल."

लंकाबाई तिच्या समोर फरशीवर बसली आणि सुनेच्या पायाचा अंगठा मुठीत धरला. तो गार होता. सत्यशीलेनं पाय ओढून घेतला नाही आणि जवळही केला नाही.

"कवापास्नं हाय हिला?" मुक्ताबाईनं विचारलं.

"सांगती," लंकाबाई म्हणाली, आणि ट्रॉली उलटली त्या दिवसापासून सांगायला लागली.